वीतभर अंतर

त्या बाईचा चेहरा मला धड दिसलाही नाही. हेल्मेटची काच अर्धी वर केलेली, तिच्यावर पावसाचे थेंब आणि आत दोन डोळे. जूनचा तिसरा आठवडा होता, शुक्रवार, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, सकाळचे पावणेनऊ वाजले असतील. कळव्याचा पूल, मग विटाव्याला रेल्वेपुलाखालचं नेहमीचं रखडणं, एवढं पार पडलं की दिघ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्ता जरा मोकळा मिळतो आणि तिथे प्रत्येकाचाच पाय थोडा जड होतो. माझाही झाला होता. काटा पंचेचाळीसच्या आसपास. पाऊस म्हणावा तर नुसती भुरभुर, वायपर एकदा फिरवून बंद करावा इतपत. पुढे एक स्कूटर, तिच्यावर मागे पिवळा रेनकोट घातलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. दप्तरावरूनच रेनकोट ओढल्यामुळे पाठीवर मोठं पिवळं कुबड आलेलं. सिग्नल पिवळा झाला, ती थांबली. मी ब्रेक दाबला.

पायाखाली गुरगुर झाली. पेडल थरथरत माझ्या पायालाच उलटं ढकलू लागलं आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. चाकं अडकत होती, सुटत होती, पुन्हा अडकत होती आणि ते पिवळं कुबड काचेत मोठं होत होत सगळी काच भरून गेलं. हॉर्न वाजवायचंही सुचलं नाही. थांबले तेव्हा तिची नंबरप्लेट माझ्या बॉनेटच्या कडेखाली पूर्ण गेली होती. लागलं की नाही, तेच कळेना. शेजारच्या रिक्षावाल्याने हात बाहेर काढला आणि अंगठा-करंगळी ताणून मला दाखवली. वीतभर. तिने वळून पाहिलं, आधी बंपरकडे, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. मी हात जोडले. ती काही बोलली नाही. डाव्या हाताने मागे चाचपत मुलाची टोपी नीट पुढे ओढली, सिग्नल सुटला आणि ती गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महाप्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाची मापं घ्यायची, दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे लिहायचे, बसत नसेल तर माल परत पाठवायचा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी व्हर्नियर घेऊन पार्किंगमध्ये गेले. त्याच्या शेपटातून जी बारीक पट्टी बाहेर येते, ती खोली मोजायची. पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत टेकवली, २.२ मिलिमीटर. उजव्याला २.३. मागचे थोडे बरे, २.९ आणि ३. नवा टायर येतो तेव्हा ही खोली ७-८ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे कागदावर माझे टायर पास होते. मी तिथे उकिडवी बसून तो आकडा पाहत राहिले. माझ्या टेबलावर असा माल आला असता तर मी पास केला असता का, हे मला पक्कं ठाऊक होतं. ओल्या रस्त्यावर गाडी धावते तेव्हा टायरला पुढचं पाणी खाचांतून बाहेर फेकून द्यावं लागतं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा उरत नाही आणि रबर रस्त्याला टेकायच्या ऐवजी पाण्याच्या पापुद्र्यावर चढतं. म्हणून तर ३ मिलिमीटरलाच टायर बदला, १.६ ची वाट पाहू नका, असं जाणकार सांगतात. त्यात पहिल्या पावसाचा रस्ता. आठ महिन्यांची धूळ, तेल, घासून पडलेलं रबर, सगळं भुरभुरीने कालवून निघतं. जुलैतला धो धो पाऊस रस्ता धुऊन तरी काढतो. जूनची भुरभुर त्याहून वाईट.

आणि ब्रेक? ब्रेकचा काही दोष नव्हता. ती गुरगुर एबीएसची. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्याच नव्या कारना ते सक्तीचं झालं, माझी गाडी त्याच वर्षीची. चाक घसरतंय असं कळलं की एबीएस क्षणभर ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, म्हणजे चाक अडकून गाडी भरकटत नाही, स्टिअरिंग हातात राहतं. पण रस्त्यावर पकडच नसेल तर ते ती आणणार कुठून? एक हजार किलोच्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढा. बाकीचं सगळं, इंजिन, एअरबॅग, मागे घेताना वाजणारा तो सेन्सर, त्या चार तळहातांवर उभं असतं. ती गुरगुर म्हणजे गाडी मला सांगत होती की हात निसटतायत.

मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तिथल्या मुलाने कागदावर पेनाने गोल करून लिहिलं होतं, पुढचे टायर बदला. मी म्हटलं, बघू. मुलाचा बारावीचा क्लास, सोसायटीच्या गळतीच्या कामाची वर्गणी, सगळं एकदमच आलं होतं. शिवाय मनातल्या मनात एक हिशेब चालूच असतो, अजून आठ हजार किलोमीटर निघतील, पावसाळा संपला की घेऊ, दिवाळीत घेऊ. पावसाळा संपल्यावर टायर घेणं म्हणजे उन्हाळा संपल्यावर माठ घेणं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आणि पैशाचं कारणही तितकंसं खरं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे भाव उतरलेच होते. खरं कारण एवढंच की टायर दिसत नाही. सीटकव्हर घेतलं तर रोज दिसतं. टायरवर वीस हजार घातले तरी गाडी कालच्यासारखीच दिसते.

संध्याकाळी घरी आले आणि बाबांना काहीच सांगितलं नाही. पण ते खाली शेजाऱ्यांशी बोलत उभे होते, मी गाडी लावली, आणि त्यांनी सवयीने चाकाकडे पाहिलं. ते एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक होते, चौतीस वर्षं. आता एकोणऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत, पण गाडी जवळ आली की नजर आधी चाकावरच जाते. खिशातून काडेपेटी काढली, त्यातली एक काडी उलटी धरून टायरच्या खाचेत खोचली, जिथे बुडाली तिथे नखाने खूण केली आणि उजेडात धरून पाहिली. "एक सूतही नाही राहिलं," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. माझं व्हर्नियर दुपारी जे सांगत होतं तेच त्यांच्या काडीने सांगितलं. मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. पिवळा रेनकोट, वीत, सगळं. ते ऐकून घेत होते आणि बोटांत ती काडी फिरवत होते. "मुलाने पाहिलं का मागे वळून?" एवढंच विचारलं. नव्हतं पाहिलं. त्याला कळलंच नव्हतं. "बरं झालं," बाबा म्हणाले.

माझं बालपण टायरच्या वासात गेलं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. बाबा घरी यायचे तेव्हा आधी तो वास यायचा, मग ते. रॉकेलने हात धुवायचे, मग कपड्यांच्या पावडरने, तरी नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. रविवारी कधी डेपोत घेऊन जायचे. रिकाम्या उभ्या असलेल्या लाल गाड्यांच्या रांगेतून बाबा लोखंडी रॉड घेऊन चालत जायचे आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका द्यायचे. एसटीला मागे जोडचाकं. आतल्या चाकातली हवा गेली तरी बाहेरचं भार धरून ठेवतं, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आवाजाने कळतं. हवा भरपूर असेल तर रॉड उसळतो आणि टणक आवाज येतो, कमी असेल तर धप्प, ओल्या गोणीवर मारल्यासारखा. मला डोळे मिटायला लावून ते विचारायचे, "हे कसं?" मी म्हणायचे, धप्प. मग तिथे खडूने फुली. एकेका गाडीत पन्नास माणसं बसणार, ती सगळी त्या एका आवाजावर अवलंबून, आणि तो आवाज ऐकायला बाबा आणि मी. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला याहून मोठं काम कोण देणार?

गावी साताऱ्याकडे गेलं की तिथे टायरचं दुसरंच जग. ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या, ज्यांना लोखंडी धावेऐवजी मोटारीची जुनी चाकं लावलेली असत. आजोबांच्या पायात टायरच्या वहाणा, ज्यांचा तळ काही केल्या झिजत नसे आणि ज्यांवर पावसाळ्यातल्या चिखलात ते ताठ चालत. आम्ही पोरं सायकलचा टायर काठीने हाणत बांधाबांधाने पळायचो. टायर म्हणजे टिकणारी वस्तू, हे डोक्यात तिथूनच पक्कं बसलं. एसटीतही तेच. तिथे टायर झिजला की टाकत नाहीत, एसटीचे स्वतःचे रिमोल्डचे कारखाने आहेत. झिजलेला पृष्ठभाग खरवडून काढतात, त्यावर नव्या नक्षीचा थर बसवून तापवून एकजीव करतात, आणि तो टायर पुन्हा रस्त्यावर जातो. काटकसरीचं इतकं प्रामाणिक रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मात्र बाबा एक नियम नेहमी सांगायचे, रिमोल्डचा टायर मागे. पुढच्या चाकाला नवाच. पुढचं फुटलं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

रात्री शिकागोजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिने लगेच विचारलं, "ऑल सीझन घेतेस ना?" तिच्याकडे हा प्रश्न खरा असतो. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतं. बर्फासाठी वेगळे मऊ रबराचे टायर, ज्यांच्या बाजूवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. ते नोव्हेंबरात चढवायचे, वसंतात उतरवायचे, मधल्या काळात गॅरेजमध्ये रचून ठेवायचे. ज्यांना ही यातायात नको त्यांच्यासाठी ऑल सीझन, थोडं उन्हाळ्याचं थोडं हिवाळ्याचं. मी तिला म्हटलं, आमच्याकडे जानेवारीत येऊरच्या पायथ्याशीसुद्धा स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. आमचे ऋतू दोनच, तापलेलं काँक्रीट आणि पाणी. मे महिन्यात दुपारी ठाणे-बेलापूरचं काँक्रीट चपलेतून जाणवतं, आणि त्याच टायरला तीन आठवड्यांत पाण्यात उभं राहायचं असतं. वेगळं नाव न लावता आपल्याकडचा साधा टायर हेच करतो. तिच्याशी बोलताना ते नीट समजलं, की सगळ्या ऋतूंचा टायर म्हणजे कुठल्या ना कुठल्या ऋतूत थोडं कमी पडणारा टायर. कुठल्या ऋतूत कमी पडलेलं चालेल, हे घेणाऱ्याने ठरवायचं असतं. त्या पिवळ्या रेनकोटानंतर मला ठरवायला फार वेळ लागला नाही.

शनिवारी बाबांना घेऊन पोखरण रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकान एका केरळी काकांचं. हमरस्त्यांवर टायरची कामं करणारी केरळची माणसं आपण लहानपणापासून पाहत आलोय, हे त्यांतलेच, तीस वर्षांपूर्वी ठाण्यात आलेले आणि इथलेच झालेले. दुकानात पाऊल टाकलं आणि तो वास आला, नव्या रबराचा, गोडसर, किंचित जळका. बाबांनी दारातच थांबून एक लांब श्वास घेतला. मी काही बोलले नाही.

काकांनी आधी माझ्या जुन्या टायरच्या बाजूवरचा लंबगोल शोधून त्यातले चार आकडे दाखवले, १८१९. म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. टायर तेव्हा बनला. मग अंगठ्याचं नख रबरात दाबलं, ते रुतलं नाही. तेच नख त्यांनी मांडणीतल्या एका नव्या टायरवर दाबलं, बारीक चंद्रकोर उमटली आणि हळूहळू पुसली गेली. "झीज तर आहेच ताई, पण रबर पण म्हातारं झालंय. ऊन, हवा खातं ते. गाडी उभी ठेवली तरी खातं." मी फक्त खाचा मोजल्या होत्या, नख लावून पाहिलं नव्हतं. बाजूच्या भिंतीवर, रिमजवळ, केसासारख्या बारीक चिरा होत्या, त्याही मला दिसल्या नव्हत्या. डिकीतली स्टेपनी काढली तर तिच्यावर कारखान्यातले रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते, एकदाही रस्ता न पाहिलेली, आणि तरी वय तेच, १८१९. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाक बनवायला लागले, रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. ते लोक शब्द केव्हाच विसरले, आपण अजून वापरतो.

माझ्या गाडीचा आकडा १६५/८० आर १४. एकशे पासष्ट मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, चौदा इंची रिम. दुकानातला तरुण मुलगा म्हणाला, मॅडम, १८५ चे टाका, गाडी भारी दिसेल. बाबांनी मान हलवली, कंपनीने दिलंय तेच. त्यात तथ्य आहे. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर छान बसतो, पण पाण्यावर चढायला अरुंदापेक्षा आधी तयार होतो. आणि ती ८० टक्क्यांची उंच बाजू घोडबंदरच्या खड्ड्यांत रिम वाचवते. बाजूला फुगा आलेले टायर त्यांच्या भिंतीलगत रचलेलेच होते, बहुतेक सगळे बुटक्या बाजूचे. मग नक्षी, मग रबर. एक टायर जास्त किलोमीटर देणारा, कडक रबराचा. एक कमी चालणारा, पण ओल्यात धरणारा, ज्याच्या रबरात सिलिका मिसळलेली. काही टायरवर फ्रिजसारखे तारेही होते. ते तारे टायर किती सहज लोळतो, म्हणजे इंधन किती वाचतं, त्याचे. थांबण्याचे नव्हेत. काकांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, किलोमीटर की ब्रेक?" फेब्रुवारीत विचारलं असतं तर मी किलोमीटर म्हटलं असतं. मी म्हटलं, ब्रेक.

आम्ही गेलो होतो दोनच टायर घ्यायला. पुढचे दोन. आणि इथे बाबा आणि काका यांच्यात अडलं. काका म्हणाले, दोनच घेणार असाल तर नवे मागे टाकणार, मागचे पुढे आणणार. बाबा एकदम ताठ झाले. "नवे मागे? पुढे स्टिअरिंग आहे. चौतीस वर्षं आम्ही नवे पुढे टाकलेत." काका शांतपणे समजावत होते. पाण्यात पुढची चाकं सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस पाय काढतो, गाडी सरळ जाते, परत धरते. मागची सुटली तर गाडी शेपटीने फिरते, आणि फिरायला लागलेली गाडी सावरणं साध्या माणसाचं काम नाही. बाबा ऐकत होते, पण पटत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव पाहिला जो आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं की येतो. मी मध्ये पडले नाही. ते स्टुलावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे पाहत राहिले, आणि दोनेक मिनिटांनी म्हणाले, "बसला मागे चार चाकं असतात. एक गेलं तर तीन धरतात. हिला दोनच." मग काकांकडे पाहून, "बरोबर आहे तुमचं." काका उठून त्यांच्यासाठी चहा आणायला सांगून आले. आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "चारही घे. पुढे-मागे करत बसायला नको. दोनाचे पैसे मी देतो." मी नको म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, "देतो मी." यापुढे त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

चहा पिताना काकांनी त्यांच्या घरामागच्या रबराच्या झाडांची गोष्ट सांगितली. उजाडायच्या आत उठून, डोक्याला दिवा बांधून झाडाझाडाशी जायचं, सालीवर तिरका काप द्यायचा, अगदी पातळ, खोल गेला तर झाड दुखावतं. त्या कापातून पांढरा चीक थेंबथेंब खाली बांधलेल्या करवंटीत उतरतो. ऊन चढलं की चीक आटतो. आणि पावसाळ्यात चीक वाहून जाऊ नये म्हणून प्रत्येक झाडाला कापाच्या वर प्लॅस्टिकचा घोळ बांधायचा, झाडांनी झगे घातल्यासारखा. कारच्या टायरमध्ये कृत्रिम रबरही भरपूर असतं, सगळंच झाडाचं नसतं, हे तेच म्हणाले. पण मला ते झगे घातलेलं झाड डोळ्यांसमोरून हलेना. पावसात रेनकोट घातलेलं झाड, ज्याचा चीक कुणाच्या तरी पावसासाठी.

मशीनवर एकेक चाक चढत होतं. बॅलन्सिंगची छोटी वजनं रिमला ठोकली जात होती, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम. नायट्रोजन भरायचा का, मुलाने विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, बाबा म्हणाले, साधीच भर, पण दर पंधरवड्याला बघायची, गाडी गार असताना. जुने चार टायर एका बाजूला पडले होते. मी काकांना विचारलं, यांचं काय होतं? ते थोडे घुटमळले, मग खरं बोलले. अख्खे असले तर अडीचशेला एक घेऊन जातात. कुणी टेम्पोवाला, कुणी जुनी गाडी विकायच्या आधी चढवायला. वरून काळं पॉलिश मारलं की बरे दिसतात. कापलेले असले तर भंगारात, त्याचे पैसे जवळजवळ नाहीत.

मी बाबांकडे पाहिलं. हेच टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीला, पुढच्या पावसात, दुसऱ्या कुठल्यातरी रेनकोटाच्या मागे. मी "कापून टाका" म्हणायच्या आत बाबांनी हात पुढे केला, "सुरी आहे का? आणि पाणी." काकांनी आत जाऊन आखूड पात्याची सुरी आणि पाण्याचा मग आणला. कोरडी सुरी रबरात अडकते, ओली सरकते. बाबांनी पातं मगात बुडवलं, टायर दोन पायांमध्ये उभा धरला, आणि बाजूच्या भिंतीत, जिथे ती सगळ्यात पातळ असते, तिथे टोक रुतवून हळूहळू वर ओढलं. आधी काहीच झालं नाही. मग रबराने एक बारीक चिर्र आवाज केला आणि काळ्या भिंतीतून धाग्यांची पांढरी कडा उघडी पडली. हाताच्या शिरा तटतटल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि मी त्यांना थांबवलं नाही. तो एक टायर पूर्ण त्यांनी कापला. उरलेले तीन त्या तरुण मुलाने कापले, दर वेळी पातं पाण्यात बुडवून, बाबा सांगत होते तसं. काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही हजार रुपये गेल्याचा. बिलावर मात्र अलाइनमेंटचे पैसे लावले नाहीत.

निघताना काका म्हणाले, पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून, नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही. म्हणून सोमवारी मी हळू निघाले. पाऊस होता, शुक्रवारपेक्षा मोठा. टायरवरचे रबराचे केस अजून झडले नव्हते. सकाळी बाबांनी खाली येऊन त्यांवरून तळहात फिरवला होता, लहान बाळाच्या जावळावरून फिरवावा तसा. कळव्याच्या पुलावर खाडी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. दिघ्याच्या पुढे मी डाव्या बाजूच्या प्रत्येक स्कूटरकडे पाहत होते. पिवळे रेनकोट बरेच होते. निळे, लाल, कार्टूनचे. कुणाच्या पाठीवर कुबड, कुणाच्या पोटावर. ती नव्हती, आणि असती तरी मी तिला ओळखलं नसतं. त्याच सिग्नलला पिवळा दिवा लागला. पुढे एक बाईक, मागे बसलेल्या मुलीने वडिलांच्या कमरेला घट्ट धरलेलं. मी आधीच पाय काढला होता, ब्रेकवर नुसता टेकवला. गुरगुर नाही, थरथर नाही. गाडी थांबली, पुढे एक अख्खी गाडी मावेल इतकी जागा सोडून.

त्या जागेत लगेच एक रिक्षा तिरकी घुसली. मागच्याने हॉर्न दिला. मी आणखी थोडी मागेच राहिले.